डोंगरातल्या जंगलाला कायद्याचं कवच कसं मिळवायचं: इंदूरच्या मंडळींसाठी

पावसाळा लागला की रविवारी अर्धं इंदूर चोरल, तिंछा, पातालपानी नाहीतर जानापावच्या बाजूला असतं, आणि सोमवारी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअप ग्रुपवर कोणीतरी लिहितंच की हे सगळं जंगल अभयारण्य डिक्लेअर करायला पाहिजे यार, मग खाली अंगठ्यांची रांग लागते, पिटिशनची लिंक येते आणि बुधवारपर्यंत विषय संपतो. पिटिशनवर सही करायची तर करा, पण कायद्याच्या दृष्टीने तिची किंमत शून्य आहे. तिथे चालतात नकाशे, कक्ष क्रमांक (वन खात्याने जंगलाचे पाडलेले तुकडे), खसरे म्हणजे जमिनीचे सर्व्हे नंबर, ग्रामसभेचे ठराव आणि आवक शिक्का मारलेली पत्रं, म्हणजे सगळं बऱ्यापैकी कंटाळवाणं काम. ते कसं करायचं ते लिहितोय. उदाहरण आपल्या इंदूर-महूच्या विंध्याच्या उतारांचं घेतलंय, बाकी कायदा देशभर तोच.

आधी एक गैरसमज. पुष्कळ लोक अमेरिकेतली बातमी वाचतात की तिथल्या संसदेत बिल आलं आणि अमुक डोंगरावरचं जंगल विल्डरनेस झालं, आणि मग म्हणतात आपल्या खासदारसाहेबांना सांगू. तिथे ते खरंच तसं होतं, १९६४ चा विल्डरनेस अॅक्ट आहे, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली तेव्हा एका झटक्यात सुमारे ९१ लाख एकर जमीन त्यात गेली, आणि नवीन तुकडा जोडायचा तर तिथल्या काँग्रेसला कायदा पास करावा लागतो. एकदा जोडला की रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही, माणूस फक्त पाहुणा. आपल्याकडे प्रत्येक जंगलासाठी वेगळा कायदा करत नाहीत. कायदा एकच, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, आणि त्याखाली राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. म्हणजे आपली फाइल दिल्लीला नाही, भोपाळला जाणार. आणि माणूस पाहुणा वगैरे कल्पना इथे लावायलाच जाऊ नका, आपल्या डोंगरात भिल्ल-भिलाल्यांची गावं आहेत, त्यांची गुरं आहेत, महुआ आहे. पाहुणे आपण आहोत, शहरातून जाणारे.

काय मागायचं ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त डोकं इथे लावायचं, आणि सगळ्यात कमी लोक इथे लावतात. "जंगल वाचवा" ही मागणी नाही होत, कुठल्या कलमाखाली काय पाहिजे ते लिहावं लागतं. पर्याय साधारण असे आहेत.

राष्ट्रीय उद्यान, कलम ३५. सगळ्यात कडक, आतले सगळे हक्क सरकारकडे जातात, चराई बंद. गावं असलेल्या भागासाठी हा विषय सोडून द्या.

अभयारण्य, कलम १८ आणि २६-क. हेच नाव सगळ्यांच्या तोंडात असतं कारण आपण रालामंडल बघितलंय. पण रालामंडल आहे केवढं, जेमतेम अडीच चौरस किलोमीटर सुद्धा नाही, होळकरांची शिकारगाह असलेली एक टेकडी, १९८९ साली अभयारण्य झाली, आत वस्ती नाही. तो हिशोब चोरलच्या घाटाला लावता येत नाही. अभयारण्याचा इरादा जाहीर करणारी कलम १८ ची अधिसूचना निघाली की कलम २० लागू होतं, म्हणजे त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्क सोडून नवा कुठलाच हक्क तयार होत नाही. शेत विकता येत नाही, घेता येत नाही. तुम्हाला वाटेल चांगलंच आहे, फार्महाउसवाले थांबतील. थांबतील, पण मुलीच्या लग्नासाठी दोन बिघे विकायला निघालेला माणूस पण थांबेल.

याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा. १९८१ मध्ये सोनचिडियासाठी म्हणजे माळढोकासाठी २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं, त्यात लोकांची शेतं होती. खरेदी-विक्री अडकली, गावं चिडली, आणि पक्षी तर काही वर्षांत दिसेनासाच झाला. पुढे दशकानुदशकं मागणी एकच राहिली की हे अभयारण्य काढा, आणि शेवटी ते काढलंच. म्हणजे पक्षी पण गेला, अभयारण्य पण गेलं, उरला तो खात्याबद्दलचा राग. जंगल वाचवायला निघालेल्या प्रत्येकाने करैराची गोष्ट आधी वाचावी असं माझं मत आहे.

अजून एक. सुप्रीम कोर्टाचा १४ फेब्रुवारी २००० चा आदेश आहे, जंगलतोडीवरच्या गोदावर्मन केसमधला, त्याने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली, पडलेली झाडं आणि गवत उचलायला बंदी घातली. त्यानंतर जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनाधिकार कायदा आला आणि ज्यांचे हक्क त्यात मान्य झाले त्यांचं गणित बदललं, पण ज्या गावाचे दावेच झालेले नाहीत तिथे मोळी घेऊन येणाऱ्या बाईला नाक्यावर कोण काय समजावणार?

तिसरा पर्याय, आणि मी याच्याच बाजूचा आहे: कंजर्वेशन रिझर्व्ह, महाराष्ट्रात ज्याला संवर्धन राखीव म्हणतात, कलम ३६-क. २००२ च्या दुरुस्तीत आला. यात जमीन सरकारी पाहिजे, जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते (हे कायद्यातच लिहिलंय, कोणाची मेहरबानी नाही) आणि कायद्याचा भर अशा जागांवर आहे ज्या एखाद्या अभयारण्याला लागून आहेत किंवा दोन संरक्षित जंगलांना जोडतात. चराई बंद होत नाही, येणं-जाणं बंद होत नाही. आग लावणं, स्फोटकं किंवा विषारी रसायनं वापरणं, हद्दीच्या खुणा पाडणं, जनावरांना छेडणं आणि कचरा टाकणं याला मनाई. हो, कचरा टाकणं, कलम २७ ची चौथी पोटकलम, ती इथेही लागू होते, आपल्या रविवारच्या मंडळींना उपयोगी पडेल.

देशातला पहिला असा राखीव २००५ मध्ये तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ झाला, काही एकरांचाच, पक्ष्यांच्या झाडांसाठी. महाराष्ट्रात पहिला नाशिकजवळचा बोरगड, २००८. मग २०२० मध्ये सिंधुदुर्गातला तिलारी, २९.५३ चौरस किलोमीटर, सह्याद्रीतल्या जंगलांना जोडणारी जागा म्हणून. नातेवाईक नाशिकला असतील तर जाऊन बोरगड बघून या, म्हणजे कागदावरचं नाव जमिनीवर कसं दिसतं ते कळेल.

आक्षेप येतो की हे कमजोर आहे. खरंय. अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, कंजर्वेशन रिझर्व्हसाठी कायद्यात तसं कलम नाही. खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव फक्त या नावामुळे आपोआप थांबणार नाही. पण गावाने स्वतः मागितलेलं कमजोर कवच वीस वर्षं टिकतं आणि गावाच्या डोक्यावर आदळलेलं मजबूत कवच करैरासारखं होतं, त्यातून निवडायचं आहे.

बाकी दोन: खाजगी किंवा गावाच्या सामूहिक जमिनीवर मालक स्वतः तयार असतील तर कम्युनिटी रिझर्व्ह, कलम ३६-ग. आणि जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ, मध्य प्रदेशात छिंदवाड्याचं पातालकोट आणि सतन्याच्या नारो टेकड्या तशा आहेत. एखादी छोटी देवराई, एखादी खोह म्हणजे खोल दरी, एखादं झऱ्याचं उगमस्थान वाचवायचं असेल तर हा मार्ग सोपा पडतो.

जमीन कोणाची आहे ते शोधा

"सगळं जंगलच तर आहे" हे चालत नाही. डोळ्याला जे जंगल दिसतं ते कागदावर चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतं. आरक्षित वन म्हणजे आरएफ, संरक्षित वन म्हणजे पीएफ, महसूलची जमीन, चरनोई म्हणजे गायरान, लोकांची पट्ट्याची जमीन, वनाधिकाराचे पट्टे, आणि वर आपल्या मध्य प्रदेशचं खास प्रकरण, नारंगी क्षेत्र, जिथे सीमांकनच पूर्ण झालेलं नाही आणि वन खातं म्हणतं आमची, महसूल खातं म्हणतं आमची. नारंगी पट्टा तुमच्या नकाशात आला तर फाइल तिथेच अडकून बसते, म्हणून पहिल्या प्रस्तावात शक्यतो तो सोडूनच हद्द आखा, नंतर जोडता येतो.

काम असं करा. इंदूर वनमंडळात चार रेंज आहेत: इंदूर, महू, चोरल, मानपूर. तुमचा डोंगर कुठल्या रेंजमध्ये, कुठल्या बीटमध्ये, कुठल्या कक्षात येतो ते आधी रेंज ऑफिसात जाऊन विचारा. नाकेदार म्हणजे वनरक्षक लोकांना सगळं पाठ असतं, चहा पिता पिता सांगतात, पण सांगितलेलं कागदावर पाहिजे म्हणून नंतर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. काय मागायचं ते नेमकं लिहा: अमुक कक्षांचे नकाशे, त्यांची कायदेशीर स्थिती आणि ज्या अधिसूचनेने ती ठरली तिची प्रत, चालू कार्य आयोजना म्हणजे वर्किंग प्लानमधली त्या कक्षांची पानं. "जंगलाची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केला तर उत्तर पण तसंच येतं. कॉपी देत नसतील तर कागद बसून बघायची म्हणजे निरीक्षणाची परवानगी मागा, कायद्यात तो हक्क आहे, आणि खरं सांगू तर ऑफिसात बसून फाइल चाळण्यात जे कळतं ते फोटोकॉपीत कळत नाही.

मग आजूबाजूच्या गावांचे खसरे एमपी भूलेखच्या साइटवर बघा, शंका असेल तिथे पटवारीला भेटा. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवा. मॅप करणारा कोणी इंजिनियर पोरगा-पोरगी ग्रुपमध्ये असतोच, त्याच्याकडून गूगल अर्थवर हद्द काढून घ्या, पण नुसती स्क्रीनवर काढलेली रेघ देऊ नका. नाकेदाराला सोबत घेऊन हद्दीवर चाला, मुनारे म्हणजे हद्दीचे खांब कुठे आहेत, कुठले पडलेत, कुठे शेत आत सरकलंय ते नोंदवा. शेत आत सरकलेलं दिसलं तर तिथे भांडायला उभं राहू नका, ते कदाचित वनाधिकाराचा दावा असलेलं शेत असेल.

हद्द आखताना हात आखडता ठेवा. जितकी लोकांची जमीन बाहेर ठेवाल तितकी फाइल हलकी.

जंगलात काय आहे ते सिद्ध करा

कायद्याला "सुंदर आहे" हे चालत नाही, वनस्पती, प्राणी, त्यांचा अधिवास आणि भूप्रदेश यांचं महत्त्व दाखवावं लागतं. चांगली गोष्ट अशी की आपल्या बाजूने बोलायला बरंच आहे.

एक तर जागा. विंध्याची रांग पूर्वेकडे देवास-सीहोरच्या खिवनी अभयारण्याकडे जाते आणि त्याच्याही पुढे रातापानी. जोडणारा पट्टा हा मुद्दा कलम ३६-क मध्ये सरळ बसतो. २०२३ मध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या परिसरात सीसीटीव्हीत वाघ दिसला होता, तेव्हा सगळ्यांनी व्हिडिओ फॉरवर्ड केला, आता तोच प्रसंग प्रस्तावात तारखेसकट लिहा. वाघ आकाशातून पडत नाही, तो सलग झाडीतून चालत येतो.

दुसरं पाणी. जानापाववर चंबळ उगम पावते, म्हणजे उत्तरेच्या उतारावरचं पाणी यमुनेला जातं, आणि दक्षिणेचं चोरलसारख्या नद्यांमधून नर्मदेला. आपण इंदूरवाले १९७८ पासून जलूदहून पंप करून आणलेलं नर्मदेचं पाणी पितो, तेही याच घाटावर चढवून. दक्षिण उतार बोडका झाला की माती थेट नर्मदेच्या खोऱ्यात. हा मुद्दा वन खात्यापेक्षा आमदाराला जास्त कळतो, म्हणून त्याच्या पत्रात तो वर घ्या.

तिसरं, आणि हे कोणी वापरत नाही: रेंज ऑफिसमधली पशुहानीची प्रकरणं. बिबट्याने गाय, बकरी मारली की गावकरी नुकसानभरपाईचा अर्ज करतात, पंचनामा होतो, तारीख-ठिकाण सगळं लिहिलेलं असतं. पाच-सात वर्षांची ती यादी माहितीच्या अधिकारात मागवा, नकाशावर ठिपके टाका. बिबट्याचा याहून पक्का पुरावा तुमच्या हौशी कॅमेऱ्यातून येणार नाही, आणि तो सरकारचाच कागद असल्याने कोणी नाकारू पण शकत नाही. वर हीच यादी तुम्हाला सांगते की कुठल्या गावात लोक जंगलावर नाराज असणार, म्हणजे तिथे बोलायला कसं जायचं ते पण कळतं.

पक्षी, फुलपाखरं, झाडं यांच्या याद्या महिन्यावार करा, फोटो आणि लोकेशनसह ईबर्ड आणि आयनॅचरलिस्टवर टाका, कोणीही तपासू शकेल अशा. फक्त पावसाळ्याची यादी नको, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते जेव्हा सागाचं पान उरत नाही आणि पाणी दोन-चार डोहांतच राहतं, कुठल्या डोहावर कोण येतं ते तेव्हाच दिसतं. कॉलेजात बॉटनी-झूलॉजी शिकवणाऱ्या कोणाला तरी यादी तपासून सही करायला सांगा. कॅमेरा ट्रॅप मनाने लावू नका, खात्याची लेखी परवानगी घ्या. आणि घुबडाचं घरटं, बिबट्याची गुहा असल्या जागांचं नेमकं लोकेशन पब्लिक करू नका, ते फक्त खात्याच्या प्रतीत द्या.

गावं

इथे घाई केली तर बाकी सगळं केलेलं पाण्यात. कलम ३६-क मध्ये सल्लामसलत लिहिलीय, पण लिहिली नसती तरी हेच आधी करायचं होतं.

पहिल्यांदा जाताना फॉर्म, बॅनर, टी-शर्ट काही नेऊ नका. दोन-तीन जणच जा, त्यातली एक तरी बाई असू द्या. मराठीत आपापसात कुजबुजू नका, समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतायत, निमाडी-मालवी येत असेल तर उत्तम नाहीतर साधी हिंदी. सरपंचाला भेटा, पण तिथेच थांबू नका, कारण पंचायतीत चार-पाच गावं असतात आणि सरपंच एका गावाचा असतो, जंगलाला लागून असलेल्या फलियातले म्हणजे पाड्यातले लोक वेगळेच. म्हाताऱ्या काकांना विचारा की पूर्वी काय होतं, काय गेलं. बायकांना विचारा सरपण कुठून आणता. गुराख्यांना विचारा उन्हाळ्यात गुरं कुठे नेता. ही उत्तरं लिहून घ्या, हाच तुमचा निस्तारचा म्हणजे गावाच्या रोजच्या गरजांचा नकाशा, आणि प्रस्तावात हा जोडायचा आहे, म्हणजे अधिसूचनेत लिहून घेता येतं की या वाटा, हे पाणवठे, हा महुआ चालू राहील.

वेळ बघून जा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून लोक महुआ वेचत असतात, मेमध्ये तेंदूपत्ता, पहिला पाऊस पडला की पेरणी, आणि मधले कितीतरी महिने अर्धं गाव मजुरीला बाहेर. अशा वेळी बोलावलेल्या सभेत पाच माणसं येतात आणि मग पुढे कोणीही म्हणू शकतं की आम्हाला विचारलंच नाही. मध्य प्रदेशात ग्रामसभा २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात, या तारखा धरून आधीच्या महिन्यात बोलणी करा, म्हणजे विषय अजेंड्यावर येतो.

आता वनाधिकार कायदा २००६. तुमच्या हद्दीला लागून ज्यांचे दावे पडून आहेत त्यांचे दावे आधी निकाली काढायला मदत करा, तुमच्या प्रस्तावाच्या आधी. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा, इतर परंपरागत वनवासींसाठी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा, कमाल चार हेक्टर. दावा निकाली निघेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. हे शहरातल्या काही निसर्गप्रेमींना आवडत नाही, त्यांना वाटतं पट्टे वाटले की जंगल संपलं. पण याच कायद्यात कलम ३ मध्ये गावाला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा, सांभाळण्याचा हक्क आहे आणि कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणवठे वाचवायचा अधिकार आहे. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव तुमच्यासोबत उभं राहिलं तर खाणवाल्याला दोन दारं ठोठवावी लागतात. ही ग्रामसभा गावाची, पंचायतीची नव्हे, आणि निम्मे सदस्य हजर पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बायका. आणि तुमचा डोंगर धारच्या पाचव्या अनुसूचीतल्या भागात किंवा झाबुआ, अलीराजपूर, बडवानीत पडत असेल तर पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, पण लागू, राज्याचे नियम २०२२ मध्ये आले, तिथे ग्रामसभेचं वजन अजून जास्त.

नोकरी लागेल, टुरिझम येईल, पैसा येईल असलं काही बोलू नका. विचारतील, तरी नाही. जे कायद्यात आहे तेवढंच सांगा: चराई चालू, रस्ता चालू, आग लावायची नाही, बारूद नाही, समितीत तुमच्या पंचायतीचा माणूस. "हे नंतर अभयारण्य तर नाही ना करणार?" हा प्रश्न हमखास येतो. खरं उत्तर असं की सरकारने ठरवलं तर करू शकतं, कायदा अडवत नाही. म्हणून ठरावातच लिहून घ्या की गावाची संमती फक्त कंजर्वेशन रिझर्व्हला आहे, अभयारण्याला नाही. ठराव हिंदीत, तारीख, हजेरीच्या सह्या-अंगठे, सचिवाचा शिक्का, आणि मूळ रजिस्टरच्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा.

एखादं गाव नाही म्हणालं तर त्याच्या बाजूचे कक्ष हद्दीतून काढा. समजूत घालत बसू नका.

प्रस्ताव आणि त्याचा प्रवास

अर्ज हिंदीत. विषय साधारण असा: "इंदौर वनमंडल के अंतर्गत अमुक कक्षों को वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ की धारा ३६-क के अंतर्गत कंजर्वेशन रिजर्व घोषित किए जाने हेतु प्रस्ताव।" खाली दोन पानांत म्हणणं, आणि मागे जोडपत्रं: कक्षांची यादी कायदेशीर स्थितीसह, नकाशा, प्रजातींची यादी, पशुहानीचा नकाशा, निस्तारचा नकाशा, ग्रामसभांचे ठराव. कविता नको, पृथ्वीमाता नको.

पहिली प्रत नवरतन बागेत डीएफओला म्हणजे वनमंडळाच्या मुख्य अधिकाऱ्याला, आवक शाखेत नंबर टाकून घ्या, तो नंबर जिवापाड सांभाळा. प्रती मुख्य वनसंरक्षकांना, भोपाळला मुख्य वन्यजीव अभिरक्षकांना, कलेक्टरला (मंगळवारच्या जनसुनवाईत दिलं की तिथेही नंबर मिळतो) आणि तुमच्या आमदाराला. डीएफओ रेंजकडून रिपोर्ट मागवतो, मग वर, मग भोपाळ, मग राज्य वन्यजीव मंडळ, ज्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात आणि ज्याचं एक कामच कुठला भाग संरक्षित करावा यावर सरकारला सल्ला देणं हे आहे. कायद्याप्रमाणे मंडळाने वर्षातून किमान दोनदा बसायचं असतं. मंडळात वन्यजीव क्षेत्रातले बिनसरकारी सदस्य असतात, त्यांची नावं अधिसूचनेत असतात, त्यांना फाइलची प्रत पाठवा, बैठकीत विषय काढणारं कोणीतरी आत पाहिजे.

महसूलची जमीन हद्दीत असेल तर कलेक्टरची ना-हरकत लागेल आणि तिथे सहा महिने गेले तर आश्चर्य मानू नका.

आणि एवढं सगळं वाचूनही अभयारण्यच मागायचं असेल तर क्रम असा: कलम १८ ची इरादा अधिसूचना, ३० दिवसांत हक्कांच्या चौकशीसाठी कलेक्टरची नेमणूक, ६० दिवसांत कलम २१ ची उद्घोषणा स्थानिक भाषेत, त्यानंतर दोन महिने दावे मांडायला, मग चौकशी, हक्कांचा निकाल, अधिग्रहण दोन वर्षांत पुरं करायचं, आणि शेवटी कलम २६-क ची अंतिम अधिसूचना. आरक्षित वनात हक्कांची चौकशी १९२७ च्या वन कायद्यात आधीच झालेली असते म्हणून तिथे सरळ शेवटच्या टप्प्यावर जाता येतं. राज्यात अजूनही नवीन अभयारण्यं होतात, सागर जिल्ह्यात एप्रिल २०२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाने २५८ चौरस किलोमीटरचं झालं.

वाट बघण्याचा काळ

रातापानीला टायगर रिझर्व्ह करायला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००८ मध्ये आली आणि अधिसूचना निघाली डिसेंबर २०२४ मध्ये. सोळा वर्षं, आणि तिथे तर वाघ होते. आपल्या मालव्यातल्या मराठी माणसाला त्यात एवढं सुख की त्याला नाव डॉ. विष्णू वाकणकरांचं द्यायचं ठरलं, नीमचला जन्मलेले, उज्जैनचे, भीमबेटका शोधणारे आपले वाकणकर, आणि भीमबेटका त्याच जंगलात आहे.

तेवढा वेळ नुसतं बसायचं नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली, ज्याचं २०२३ मध्ये नाव आणि बरंच काही बदललं, केंद्राची मंजुरी लागते, आणि ते प्रस्ताव केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतात. महिन्यातून एकदा इंदूर, धार, खरगोन, देवास टाकून शोधा, तुमचे कक्ष क्रमांक कुठे येतात का बघा. आले तर लगेच लेखी आक्षेप, तुमच्या आवक नंबरचा हवाला देऊन, की या कक्षांचा प्रस्ताव आधीच विचाराधीन आहे. त्या नंबरचा खरा उपयोग हाच. एखाद्या अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा मसुदा निघाला तर आक्षेप-सूचनांना ६० दिवस असतात, वर्तमानपत्रात येईपर्यंत त्यातले बरेच गेलेले असतात.

दर सहा महिन्यांनी माहितीचा अधिकार: माझ्या अमुक नंबरच्या प्रस्तावावर आजवर काय कार्यवाही झाली, नोटशीटची (फाइलवरच्या शेऱ्यांची) प्रत द्यावी. फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते यातून कळतं. डीएफओ बदलला की नवीन साहेबांना पहिल्या महिन्यात भेटा, पूर्ण सेट परत द्या. जुन्या साहेबांनी काय सांगितलं होतं ते सांगू नका, लिहिलेलं असेल तर दाखवा. उन्हाळ्यात वणवा विझवायला गावाबरोबर आणि नाकेदाराबरोबर जा, खात्यातल्या खालच्या माणसाचा भरवसा तिथेच बसतो आणि रेंजचा रिपोर्ट शेवटी तोच लिहितो.

अधिसूचना निघालीच तर कलम ३६-ख ची समिती बनते: खात्याचा माणूस सदस्य-सचिव, हद्दीतल्या प्रत्येक पंचायतीचा एक, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचे एकेक. त्या तीन जागांसाठी इंदूरमधल्या पाच संस्था भांडतील, आधीच आपापसात ठरवून घ्या. पहिल्या बैठकीत बोर्ड, गेट, उद्घाटन यांवर वेळ जाईल, जाऊ द्या, पण अजेंड्यावर दोन विषय लेखी घाला: फेब्रुवारीच्या आत फायरलाइन म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा कोण कापणार आणि पैसे कुठून, आणि रविवारी येणाऱ्या गाड्या गावाच्या किती अलीकडे थांबवायच्या, ती जागा सरपंचाला विचारून.